झिओलाइटची पिशवी घेण्याआधी पाणी गाळून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. रबाळे एमआयडीसीत वडिलांनी सुरू केलेलं छोटं प्लेटिंग (धातूचा मुलामा द्यायचं) युनिट, निकेल-क्रोम आणि झिंक दोन्ही लाइन, दिवसाला साधारण ६,००० लिटर रिन्सचं (माल धुतल्याचं) पाणी. कच्च्या पाण्यात निकेल ४० आणि झिंक ६० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आसपास. चुना मारून, म्हणजे पीएच वाढवून मेटल खाली पाडून झाल्यावर निकेल ५ वर अडकतंय, हेक्झा क्रोम (क्रोमियमचा विषारी प्रकार) ०.३-०.४ येतोय. एकजण 'मॉडिफाइड झिओलाइट' (मेटल धरणारा पोकळ्यांचा दगड, प्रक्रिया केलेला) ९० रुपये किलोने विकायला आलाय, म्हणतोय चुन्याची टाकी बंदच करा, ही पावडर टाका, सगळे मेटल एका झटक्यात जातील, आणि ऑफिसात बसून ग्लासात करूनही दाखवलं. घ्यावं का? शिवाय शेवटी हळूच एक पुरवणी, घणसोलीच्या सोसायटीत बोअरवेलला असंच काहीतरी बसवायचं चाललंय, ते ठीक आहे का.

मी केमिस्ट आहे, चोवीस वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि वागळे इस्टेटला ईटीपीचीच, म्हणजे कारखान्याच्या सांडपाण्याचीच कामं केली, त्यातली बरीचशी प्लेटिंगवाल्यांची. झिओलाइट मी वापरते, बेंटोनाइट वापरलंय, लोखंडाचं कोटिंग दिलेली वाळू घरच्या बादलीत बनवलीय, म्हणून या मालाबद्दल मला राग वगैरे नाही. पण चुन्याची टाकी बंद करा असं जो म्हणतो त्याला एकतर गणित येत नाही किंवा तुम्हाला येत नाही असं तो धरून चाललाय.

गणित करूनच बघू ना. निकेल ४० आणि झिंक ६०, म्हणजे लिटरमागे १०० मिलिग्रॅम मेटल, गुणिले ६,००० लिटर, झाले रोजचे ६०० ग्रॅम. आता झिओलाइट किती धरतो? ब्रोशरवर लिहिलेलं असतं ग्रॅमला ५०-६० मिलिग्रॅम, आणि ते अगदीच खोटं नसतं. चांगल्या क्लिनोप्टिलोलाइटची (झिओलाइटचाच नेहमीचा प्रकार) अदलाबदलीची ताकद ग्रॅमला दीड ते दोन मिलीइक्विव्हॅलंट (आयनचा भार मोजायचं माप) असते, निकेलचा एक मिलीइक्विव्हॅलंट म्हणजे २९ मिलिग्रॅम, गुणाकार केला की तोच आकडा येतो. पण ती झाली दगडातली एकूण जागा. तुमच्या पाण्यात त्यातली निकेलच्या वाट्याला किती येणार हा वेगळा प्रश्न, आणि माझ्या अनुभवात मिक्स प्लेटिंगच्या पाण्यात ग्रॅमला ३ ते ५ मिलिग्रॅम मिळाले तरी मी खूश असते. उदारपणे ५ धरा. ६०० ग्रॅम मेटलला १२० किलो पावडर, रोज. पंचवीस किलोच्या जवळपास पाच पिशव्या. ९० रुपयाने दिवसाचे १०,८०० रुपये, पंचवीस दिवसांचे २ लाख ७० हजार, आणि महिन्याला ३ टन वापरलेली पावडर, जी कचऱ्यात टाकता येत नाही, हॅझार्डस वेस्ट म्हणून तळोजाच्या घातक कचरा केंद्रालाच पाठवावी लागते, त्याचे पैसे वेगळे. तेच मेटल चुन्याने किंवा कॉस्टिक सोड्याने खाली बसवलं तर कोरडं हायड्रॉक्साइड एक किलोच्या आत भरतं. ओला केक आणि चुन्यातली कणी धरून त्याच्या कितीतरी पट होईल, कबूल, पण ३ टन नाही होणार.

म्हणजे मोठा माल आधी साध्या केमिस्ट्रीने पाडायचा आणि मिनरल शेवटी, उरलेल्या २-५ मिलिग्रॅमसाठी ठेवायचं. तिथे त्याचा उपयोग आहे आणि तिथे तो परवडतो पण.

आता त्याने ग्लासात करून दाखवलं त्याबद्दल. हा प्रयोग मी तुर्भ्याला एका वर्कशॉपमध्ये मालकाच्या शेजारी बसून बघितलाय, हिरवट पाणी, चमचाभर पावडर, ढवळ ढवळ ढवळलं, पाच मिनिटांत खाली गाळ आणि वर स्वच्छ पाणी, मालक एकदम इंप्रेस. माझ्या पर्समध्ये पीएच पेपर असतोच, मी पट्टी बुडवली. पावडर टाकायच्या आधी पाणी ५ ला होतं, नंतर जवळपास १० ला. पावडरमध्ये चुना नाहीतर मॅग्नेशिया मिसळलेला होता आणि मेटल पाडलं ते त्या अल्कलीने, झिओलाइट बिचारा नुसता सोबत बसला होता. तुम्ही तुमच्याच चुन्याने पीएच १० केला असता तर हेच दिसलं असतं, फक्त ९० रुपये किलोने नाही. मी सगळ्यांना चोर म्हणत नाहीये, कधीकधी विकणाऱ्यालाही माहीत नसतं त्याच्या पिशवीत काय आहे. पण कोणी डेमो दिला की तीन ग्लास मांडायचे. एकात त्याची पावडर, दुसऱ्यात काहीच नाही, आणि तिसऱ्यात पावडरच्या ग्लासचा शेवटचा पीएच जितका आला तितकाच कॉस्टिकने आणून ठेवलेलं तेच पाणी. पहिल्याचा आणि तिसऱ्याचा रिपोर्ट सारखा आला की समजायचं.

हीच भानगड रिसर्च पेपरांत पण असते बरं का, फक्त सभ्य भाषेत. डिस्टिल्ड वॉटरमध्ये एकच मेटल, १०० मिलिग्रॅम, चोवीस तास शेकरवर, आणि त्यातून काढलेली कमाल क्षमता. तुमच्या टाकीत एकटं निकेल नाही, त्याच्यासोबत सोडियम आहे, कॅल्शियम आहे, ब्राइटनर आहे, डिग्रीझिंगचा साबण आहे. आणि तुम्हाला १०० मिलिग्रॅमला किती धरतो ते नकोय, २ मिलिग्रॅमला किती धरतो ते हवंय, दोन्हीत फार फरक पडतो.

दगड मेटल धरतो म्हणजे नक्की काय करतो ते एकदा समजून घ्या, मग कोणी फसवू शकणार नाही. झिओलाइट म्हणजे सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजनची जाळी. जिथे सिलिकॉनच्या जागी अ‍ॅल्युमिनियम बसलाय तिथे जाळीवर एक ऋण भार उरतो, आणि तो मिटवायला पोकळीत सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम असं कोणीतरी येऊन बसतं. ही मंडळी कायमची चिकटलेली नसतात. लोकलमधली चौथी सीट आठवा. सोडियम तसा बसलेला असतो, अर्धा बाहेर, जरा धक्का लागला की उठतो. कॅल्शियम खिडकीशी बसलेल्यासारखा, उठायला तयार नाही. म्हणून खाणीतून आलेला दगड आधी मिठाच्या पाण्यात धुतात, लिटरला ६० ते १०० ग्रॅम मीठ, दिवसभर भिजत ठेवायचं, पाणी बदलून परत एकदोनदा, मग साध्या पाण्याने खारटपणा जाईपर्यंत धुवायचं. झाला 'सोडियम फॉर्म'. बाजारात मॉडिफाइड म्हणून विकतात त्यातला अर्धा माल एवढाच असतो, आणि हे काम तुमचा माणूस ड्रममध्ये करू शकतो.

आता कोण कोणाला उठवतो याचा क्रम असतो. क्लिनोप्टिलोलाइटला शिसं फार आवडतं, त्यानंतर तांबं आणि कॅडमियम, मग झिंक, आणि निकेल जवळजवळ रांगेच्या शेवटी. निकेल पाण्याचे सहा रेणू घट्ट कवटाळून फिरतं आणि सोडायला वेळ लावतं, त्यामुळे बारीक दारातून आत शिरताना अडतं. म्हणजे तुमचं दुखणं निकेलचं आणि औषध शिशाचं! तुमच्या क्रोमच्या व्हॅटमध्ये (मुलाम्याच्या टाकीत) अ‍ॅनोड शिशाचे असतील, त्यातून पाण्यात थोडं शिसं उतरू शकतं आणि सर्वसाधारण डिस्चार्जची मर्यादा तिथे ०.१ इतकी कडक आहे. रिपोर्टमध्ये शिसं वर दिसलं तर मात्र झिओलाइटला मी डोळे झाकून हो म्हणेन.

त्याहून वाईट गोष्ट चुन्याची. चुना मारलेल्या पाण्यात कॅल्शियम लिटरला ३०० मिलिग्रॅम सहज असतं. ५ मिलिग्रॅम निकेलच्या बाजूला ३०० कॅल्शियम, म्हणजे अणू मोजले तर एका निकेलमागे नव्वदेक कॅल्शियम. दगडाला निकेल जरा जास्त आवडत असेल हो, पण नव्वद जण दारात उभे असताना आवडून काय करणार. म्हणून ज्यांना शेवटी झिओलाइट बसवायचाय त्यांना मी सांगते की पीएच वाढवायला चुन्याऐवजी कॉस्टिक वापरा. कॉस्टिकचा गाळ फुसका बसतो, वेळ घेतो, पॉली (गाळ एकत्र बांधणारं पॉलिमर) जरा जास्त लागतं, महाग पण आहे, पण पुढच्या मालाचं आयुष्य कितीतरी वाढतं. आणि झिंकची टाकी अमोनियम क्लोराइडवाली असेल तर अजून एक घोटाळा होतो, अमोनियम हा क्लिनोप्टिलोलाइटचा अगदी लाडका, माशांच्या टँकमध्ये अमोनिया काढायला हाच दगड घालतात. तो सगळ्या जागा खाऊन बसतो, शिवाय टाकीत निकेलला धरून ठेवतो आणि पडू देत नाही.

यावरून तुमच्या मूळ दुखण्याकडे येते, निकेल ५ वर का अडकतंय. पिशवी घेण्याआधी एक काम करा, फार तर दोन टेस्टचा खर्च आहे. सेटलरच्या (गाळ बसायच्या टाकीच्या) आउटलेटचं पाणी दोन बाटल्यांत घ्या. एक जसंच्या तसं. दुसरं आधी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून. मग दोन्हीत नायट्रिक अ‍ॅसिड टाकून पीएच २ च्या खाली आणा आणि एनएबीएलवाल्या (मान्यताप्राप्त) लॅबला निकेलसाठी द्या. क्रम चुकवू नका, आधी अ‍ॅसिड टाकून मग गाळलं तर तरंगणारं हायड्रॉक्साइड विरघळून जातं आणि दोन्ही रिपोर्ट सेमच येतात, हे मी स्वतः नवीन असताना केलंय आणि साहेबांच्या शिव्या खाल्ल्यात. आता न गाळलेल्यात ५ आणि गाळलेल्यात १ आलं तर तुमचं निकेल आधीच पडलेलं आहे, फक्त खाली बसत नाहीये, फ्लॉक (गाळाचे हलके पुंजके) वाहून जातोय. अशा वेळी झिओलाइट-बिओलाइट काही नको. पॉलीचा डोस बघा, ढवळणारा पंखा फ्लॉक तोडतोय का बघा, सेटलरचा गाळ वेळेवर काढताय का बघा, शेवटी एक प्रेशर सँड फिल्टर लावा. माझ्याकडे 'अ‍ॅडसॉर्बंट हवाय' म्हणून आलेल्या केसेसमधल्या बऱ्याच इथेच संपल्या.

गाळलेल्यातही ४-५ च आलं तर मग खरंच विरघळलेलं निकेल आहे, आणि त्याची माझ्या डोक्यात पहिली दोन कारणं. एक म्हणजे पीएच. तुम्ही एकाच टाकीत सगळं करताय आणि पीएच ८.५ ला ठेवताय असं मला वाटतंय, कारण क्रोमला तो बरोबर असतो. झिंकला ९ ते ९.५ लागतो, निकेलला १० च्या वर, १०.५ पर्यंत. आणि तिथे गेलात की झिंक परत विरघळायला लागतं, क्रोम पण, दोघे दोन्हीकडून बोलणारे, अ‍ॅसिडमध्येही विरघळतात आणि कडक अल्कलीतही. म्हणून निकेलचं पाणी वेगळं काढा. वेगळी लाइन ओढायला जागा नाही हे प्रत्येकजण सांगतो, गाळा लहान आहे मला माहितीये, पण एक हजार लिटरची सिंटेक्स आणि बॅचने ट्रीटमेंट, बस, एवढ्याने होतं.

दुसरं कारण चिकटणारी केमिकलं. सायट्रेट, ग्लुकोनेट, ईडीटीए, अमाइन, क्लीनरमध्ये असतात, इलेक्ट्रोलेस निकेलमध्ये तर असतातच. यांनी निकेलला मिठी मारली की ते १०.५ ला पण पडत नाही, आणि ईडीटीए किंवा सायट्रेटसोबत त्याचा भारच बदलतो, धन राहत नाही, मग ऋण भाराचा झिओलाइट त्याला कसा धरणार? इथे सल्फरवाले प्रेसिपिटंट (मेटल खाली पाडणारी केमिकलं) लागतात, डायथायोकार्बामेट वगैरे, ते पण मोजून. सोडियम सल्फाइड स्वस्त आहे म्हणून आणू नका, चुकून अ‍ॅसिडच्या पाण्यात गेलं तर हायड्रोजन सल्फाइड सुटतो आणि बंद गाळ्यात माणूस उभ्या उभ्या पडतो. तसंच तुमच्या झिंकची लाइन सायनाइडची असेल तर ते पाणी कुठल्याही परिस्थितीत अ‍ॅसिडच्या किंवा क्रोमच्या पाण्यात मिसळायचं नाही, त्याला आधी पीएच १० च्या वर ठेवून हायपोने (सोडियम हायपोक्लोराइटने) तोडायचं, मग बाकीचं.

हेक्झा क्रोमचं सांगते. यात तर झिओलाइटवाला सरळसरळ चुकलाय. हेक्झा क्रोम पाण्यात क्रोमेट म्हणून असतो, त्याचा भार ऋण. दगडाची जाळी पण ऋण. दोघं एकमेकांना ढकलणार. साध्या झिओलाइटमधून पिवळं पाणी सोडलं की पिवळंच बाहेर येतं. यावर तोडगा निघालेला आहे, खोटं का बोला, अमेरिकेत न्यू मेक्सिको टेकमध्ये रॉबर्ट बोमन यांनी यावर बरंच काम केलं, झिओलाइटवर लांब शेपटीच्या क्वाटर्नरी अमोनियम सर्फॅक्टंटचा (साबणाच्या जातीच्या केमिकलचा) दुहेरी थर चढवायचा, की वरचा भाग धन भाराचा होतो आणि मग क्रोमेट, आर्सेनेट धरतो, आत मात्र धन आयनची अदलाबदली चालूच राहते. डोकं चांगलं आहे. जमिनीखालच्या पाण्यात अशी भिंत उभी करायला ठीक. पण तुमच्याकडे मी लावणार नाही, कारण तो सर्फॅक्टंट थोडा थोडा सुटत राहतो, आणि ती जंतुनाशकाच्या घरातली केमिकलं, तुमचं पाणी शेवटी सीईटीपीला (सगळ्यांच्या सामायिक सांडपाणी केंद्राला) जातं जिथे सगळं काम बॅक्टेरियाच करतात. शिवाय गरज काय? क्रोमचं पाणी वेगळं घ्या, सल्फ्युरिकने पीएच २ ते २.५ ला आणा, मेटाबायसल्फाइट टाका म्हणजे हेक्झाचं रिडक्शन होऊन साधा ट्राय क्रोम होतो, ओआरपी मीटर (रिडक्शन किती झालं ते दाखवणारं) २५०-३०० मिलिव्होल्टच्या खाली येऊ द्या, पिवळ्याचं हिरवं होतं डोळ्यांदेखत, वीसेक मिनिटं द्या, मग पीएच ८ ते ८.५. डायफेनिल कार्बाझाइडची टेस्ट किट ठेवा, गुलाबी-जांभळा रंग आला की अजून हेक्झा आहे, नाही आला तर सोडा. तुमचा ०.३-०.४ येतोय याचा अर्थ रिडक्शनला पीएच वर राहतोय किंवा वेळ मिळत नाहीये. ऑपरेटर जेवायला गेला की अ‍ॅसिडचा पंप बंद असतो, हे पण एकदा दुपारी एक वाजता जाऊन बघा. मर्यादा ०.१ आहे, ती याच पद्धतीने आरामात मिळते.

मातीचं म्हणजे बेंटोनाइटचंही कोणीतरी सांगेलच तुम्हाला, कच्छ नाहीतर बाडमेरचा स्वस्त माल. त्याची अदलाबदलीची ताकद १०० ग्रॅमला ८०-१०० मिलीइक्विव्हॅलंट, म्हणजे वाईट नाही. पण ती फुगते. माझी पहिली मोठी फजिती याचीच. वागळे इस्टेटला एका युनिटमध्ये मी तरुण उत्साहात सोडियम बेंटोनाइट वाळूत मिसळून कॉलममध्ये भरलं, ट्रायलला बीकरमध्ये झकास चाललं होतं. सकाळी दहाला पंप चालू केला, बाराला प्रेशर चढायला लागलं, तीनला पाणी थेंब थेंब, संध्याकाळी पंपाचा सील गेला. व्हेसल उघडलं तर आत गणपतीची मूर्ती करता येईल असा शाडूचा गोळा. दोन माणसं दोन दिवस खरवडत होती आणि मालक रोज मला विचारायचा, मॅडम झालं का. तळ्यांना गळती लागू नये म्हणून जे अंथरतात ते मी फिल्टर म्हणून भरलं होतं. माती टाकीत ढवळून वापरायची आणि पॉलीने बसवायची, कॉलममध्ये कधीच नाही. आणि 'अ‍ॅसिड अ‍ॅक्टिव्हेटेड' बघून भुलू नका, ती खाद्यतेलाचा रंग काढायला बनवलेली माती, अ‍ॅसिडने तिचं क्षेत्रफळ वाढतं पण धन आयन धरायच्या जागा कमी होतात. मेटलसाठी उलटंच काम झालं ना ते.

लोखंडाचं मात्र मी कौतुक करते. वाळूवर किंवा झिओलाइटवर फेरिक क्लोराइडचं पाणी टाकून, अल्कलीने पीएच वाढवून, वाळवून घेतलं की वर तांबूस फेरिक हायड्रॉक्साइडचा थर बसतो. आर्सेनिकसाठी जगभर याच कुळातला माल वापरतात, आयआयटी मद्रासच्या प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाने बनवलेलं 'अमृत' पण लोखंडाच्या ऑक्सिहायड्रॉक्साइडवरच चालतं. तुमच्याकडे आर्सेनिक नाही, पण हेच लोखंड पीएच ८ च्या वर निकेल आणि झिंकलाही ओढून घेतं. त्यासाठी वाळू रंगवत बसायची गरज नाही, दुसऱ्या टाकीत लिटरला ३०-५० मिलिग्रॅम लोखंड बसेल इतकं फेरिक क्लोराइड डोस करा, पीएच ९.५ च्या आसपास ठेवा, ताजा फ्लॉक पडताना सोबत बारीक निकेल घेऊन बसतो. हा पण मॉडिफाइड मिनरलच म्हणा, फक्त तुमच्याच टाकीत जन्मलेला. ५ चं २ व्हायला कित्येकदा एवढंच पुरतं. चिकटणारी केमिकलं असतील तर नाही पुरणार, ते वर सांगितलंच.

पाऱ्यासाठी सिलिकावर किंवा मातीवर गंधकाचे थायॉल गट लावतात, शिशासाठी हाडाच्या कोळशातलं किंवा खनिजातलं अ‍ॅपेटाइट वापरतात, शिसं त्यातल्या फॉस्फेटशी जुळून पायरोमॉर्फाइट होतं जे पाण्यात जवळपास विरघळतच नाही. तुमच्या कामाचं नाही, पण यावरून लक्षात येईल की प्रत्येक मेटलची आवड वेगळी. इंग्लंडमध्ये सेलाफिल्डच्या अणुप्रकल्पात १९८५ पासून क्लिनोप्टिलोलाइटवर सिझियम आणि स्ट्रॉन्शियम काढतायत, तिथे तो हिरो आहे, कारण सिझियमला तो खरोखर शोधून धरतो. सगळे मेटल एकाच पिशवीत पकडणारा दगड मी अजून पाहिला नाही. (आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत पण झिओलाइट मिळतात, नाशिक, पुणे, जळगावकडचे स्टिल्बाइट, हिउलँडाइटचे स्फटिक परदेशी म्युझियममध्ये आहेत. पण ते शोकेसचे, टनाने मिळत नाहीत, तेव्हा 'लोकल झिओलाइट' म्हणून कोणी दिलं तर कुठल्या खाणीचं ते विचारा.)

हे सगळं करून पण विरघळलेलं निकेल ५ च राहिलं आणि तुम्हाला १ वर न्यायचंय असं धरू. ६,००० लिटर गुणिले ४, म्हणजे रोज २४ ग्रॅम. ग्रॅमला ३ मिलिग्रॅमने ८ किलो झिओलाइट, ७२० रुपये. हे बोलण्यासारखं आहे. ८ तासांत ७५० लिटर ताशी, मालाशी पंधरा मिनिटं संपर्क हवा म्हणजे साधारण १९० लिटर माल, दोन एफआरपी (फायबरच्या) व्हेसलमध्ये अर्धा अर्धा, एकामागे एक. पुढचं भरलं की ते काढायचं, मागचं पुढे आणायचं, नवीन मागे लावायचं. दाणा अर्धा ते एक मिलिमीटर, पावडर नाही. आधी सँड फिल्टर हवाच, आणि आत जाताना पीएच ७ च्या आसपास, १० चं पाणी सोडलं तर दगडात हायड्रॉक्साइडच बसून दगड चोंदतो. एवढा माल वीसेक दिवस चालेल, मग मिठाच्या पाण्याने रिजनरेट, आणि ते निकेलवालं मिठाचं पाणी थोडं थोडं परत पहिल्या टाकीत. मीठ वाढलं की टीडीएस (विरघळलेले क्षार) वाढतो, कन्सेंटमध्ये (प्रदूषण मंडळाच्या परवानगीत) टीडीएसचा आकडा काय आहे तो बघून ठेवा. प्रामाणिकपणे सांगायचं तर फक्त निकेलसाठी मी चिलेटिंग रेझिनचं (निवडक मेटल पकडणाऱ्या कृत्रिम दाण्यांचं) पण कोटेशन मागवेन, माल महाग पण कॅल्शियमच्या गर्दीत निकेल झिओलाइटपेक्षा कितीतरी चांगलं ओळखतो, आणि अ‍ॅसिडने धुतला की निकेल घट्ट द्रावणात परत मिळतं.

आणि पिशवी घ्यायचीच असेल तर आधी विकणाऱ्याची एक किलो सँपल तुमच्या पाण्यावर, लिटरला १, २, ५, १० ग्रॅम, तासभर ढवळून, वरचे ते दोन ब्लँक (बिनपावडरचे ग्लास) धरून, प्रत्येक ग्लासचा आधीचा आणि नंतरचा पीएच लिहून. एक ग्लास डिस्टिल्ड वॉटर आणि पावडरचा पण ठेवा, कधीकधी दगडच काहीतरी सोडतो. वापरलेल्या मालाची टीसीएलपी टेस्ट (त्यातून मेटल परत सुटतं का ते बघणारी) करा. आणि तो कुठे जाणार ते आत्ताच ठरवा, २०१६ च्या हॅझार्डस वेस्ट नियमांत फॉर्म १० च्या मॅनिफेस्टवरच (वाहतुकीच्या नोंदीच्या कागदावरच) तो बाहेर निघतो. 'आमचा टेंपोवाला घेऊन जातो' हे ऐकलं की मी पुढे बोलतच नाही, कारण टेंपोवाला कुठल्या नाल्याशी रिकामा होतो ते या पट्ट्यात सगळ्यांना माहितीये आणि नाला खाडीत जातो, जिथे आता फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसरचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) बोर्ड पण.

एक फुकटचं पण सांगते, दगडाआधी हे करा. बॅरल टाकीतून उचलला की लगेच रिन्सला नेऊ नका, वीस-तीस सेकंद टांगून ठेवा, थेंब परत व्हॅटमध्ये पडू द्या. पहिली रिन्स साचलेली ठेवा आणि बाष्पीभवनाने व्हॅट कमी झाला की तेच पाणी वर टाका. पुढच्या दोन रिन्स उलट दिशेने जोडा. निकेल सल्फेट तुम्ही विकत घेता ना, ते गटारात चाललंय. पोरं पीस-रेटवर असतील तर टांगून ठेवणार नाहीत, तेव्हा हूकवर टायमर लावा नाहीतर रेट बदला.

राहिली सोसायटीची बोअर. नवी मुंबईत महापालिकेचं प्यायचं पाणी मोरबे धरणाचं येतं, बोअर बहुतेक फ्लश आणि झाडांना, तशीच असेल तर काही बसवू नका. कोणी पीतच असेल तर आधी आयएस १०५०० (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक) प्रमाणे पूर्ण टेस्ट, नळाचं नाही, बोअरच्या तोंडाशी पंप दहा मिनिटं चालवून घेतलेलं पाणी. तिथे शिशाची मर्यादा ०.०१, कॅडमियम ०.००३, निकेल ०.०२, म्हणजे कारखान्याच्या आकड्यांच्या कितीतरी खाली, तिथे अंदाज चालत नाही. रिपोर्टमध्ये मेटल नसेल आणि नुसता क्षार असेल तर झिओलाइटच्या टाकीने फार तर पाणी मऊ होईल आणि कमिटीचे पैसे जातील. मेटल निघालं तर ते पाणी प्यायचं बंद, आणि रिपोर्ट मला दाखवा, कुठलं मेटल आहे त्यावर पुढचं ठरेल. तुमच्या दोन बाटल्यांचे आकडे पण पाठवा, गाळलेली कुठली आणि न गाळलेली कुठली ते लेबलवर लिहून, परवाच एकाने दोन्हीवर 'निकेल' लिहून पाठवलं होतं.